स्लगसाठी आट्यांची दुनळी कशी पारखावी

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला असतो. तिथला शिकारीचा कोर्स त्याने पूर्ण केलाय, परवाना काढलाय आणि थंडीत हरणांच्या हंगामाला मित्रांबरोबर जातो. "मामा, एक दुनळी बघून ठेवलीय. बारा बोअर, दोन्ही नळ्यांना आतून आटे आहेत, खास स्लगसाठी केलेली. घेऊ का?" (स्लग म्हणजे छर्र्यांऐवजी काडतुसात भरलेली एकच जड गोळी, आणि आटे म्हणजे गोळीला पीळ देणाऱ्या नळीच्या आतल्या खोबणी.) मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी मी सांगतो ते सगळं तपास. त्या रात्री ठाण्यात, नौपाड्यातल्या गॅलरीत बसून वहीची सात-आठ पानं लिहून काढली आणि फोटो काढून त्याला पाठवली. ती पानं नीट करून इथे देतोय. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची परवान्याची बंदूक कपाटात आहे त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

मी ३४ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. भोक किती गोल आहे, आटे किती पिचचे आहेत, दोन भाग एकमेकांवर किती बसतात, हे माझं रोजचं काम. बंदूक पारखणं मी त्याच नजरेने शिकलो. शिकारी म्हणून मी काही सांगत नाही.

आपल्याकडचं आधी स्पष्ट सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि आज आपल्याकडे शिकार बंद आहे. येऊरला नाही, मुरबाडला नाही, कुठेच नाही. रानडुकरांनी शेत उकरलं तरी कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी यांचा लेखी हुकूम लागतो. "आमच्याकडे पूर्वीपासून परवाना आहे" हे उत्तर चालत नाही. तो परवाना बंदूक जवळ ठेवण्याचा असतो, शिकारीचा नाही. म्हणून खाली हरणावर स्लग झाडण्याचं जे येईल ते भाच्याच्या मुलखातलं आहे. नळी तपासणं, बंदूक सांभाळणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

आजोबांची बंदूक

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एक विलायती दुनळी होती, बाहेर घोडे असलेली. काळ्या दारूची काडतुसं ते घरीच भरायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना, म्हणजे पासष्ट सालच्या आसपास, शेतात डुकरं आली म्हणून त्यांनी डाव्या नळीत छर्र्यांऐवजी शिशाची अख्खी गोळी भरली आणि बार काढला. बार नेहमीसारखा झाला. सकाळी बघतो तर डाव्या नळीच्या तोंडाशी बोटभर जागेत फुगवटा आला होता, सापाने उंदीर गिळल्यावर दिसतो तसा. आजोबा त्या जागेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत होते. कोणाच्या हाताला काही झालं नाही हे नशीब.

पुढे आयटीआयला असताना मी नळ्या दस्त्यापासून सोडवून खालची बाजू रॉकेलने पुसली आणि भिंगातून पाहिली. डाव्या नळीच्या बुडाशी तीन बारीक इंग्रजी शब्द ठोकलेले होते: नॉट फॉर बॉल. गोळीसाठी नाही. १८७५ नंतर साधारण १८८७ पर्यंत इंग्लंडच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे नळ्या तपासून शिक्के मारण्याच्या ठिकाणी, चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेल्या नळीवर हा शिक्का मारत. आजोबांना मोडी येत होती, मराठी उत्तम येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. नव्वद वर्षं ती सूचना बंदुकीवरच होती आणि आमच्या घरात ती वाचणारं कोणी नव्हतं.

फुगवट्याचं कारण सोपं आहे. बारा बोअरचं भोक साधारण १८.५ मिलिमीटर असतं (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या की एकीचा व्यास तेवढा भरतो, म्हणून बारा बोअर). पूर्ण चोकमध्ये नळी तोंडाशी सुमारे एक मिलिमीटरने अरुंद होते. छर्रे एकमेकांवरून सरकून त्यातून निघून जातात. भोकाच्या मापाची घट्ट भरीव गोळी तिथे सरकणार कुठे? नळीलाच जागा द्यावी लागते.

म्हणून माझा पहिला नियम: बाहेरचं नक्षीकाम, दस्त्याचं लाकूड, बनवणाऱ्याचं नाव, हे सगळं नंतर. नळी आतून काय आहे ते आधी.

नळी आतून ओळखणं

बंदूक बिजागरीवर वाकवून उघडा. दोन्ही घरांत (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) काडतूस नाही हे डोळ्याने बघा, करंगळी घालून बघा. दुसऱ्याने "रिकामी आहे" म्हटलं तरी बघा. मग नळ्या वेगळ्या काढून खिडकीकडे धरा आणि मागून पुढे पाहा. तीन प्रकार दिसू शकतील.

सगळीकडे आरशासारखी गुळगुळीत असेल तर ती साधी नळी. यातून स्लग चालतो, पण तो साध्या नळीसाठीच केलेला हवा. कार्ल फॉस्टर या अमेरिकन माणसाने १९३१ साली काढलेला स्लग पुढून भरीव आणि मागून पोकळ असतो. वजन पुढे असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून जातो. त्याच्या अंगावर तिरप्या कडा असतात. त्यामुळे तो गरगरत जातो असं लोक समजतात, पण त्यांचा खरा उपयोग म्हणजे चोकमधून जाताना दबायला जागा मिळणं. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी मागे बूच जोडलेला स्लग केला होता. तोही साध्या नळीतून नीट जातो. पल्ला मात्र ५०-६० मीटरच धरा.

नळी गुळगुळीत पण तोंडाशी शेवटच्या दोन-तीन इंचांतच आटे दिसले, तर थांबा. ती पॅराडॉक्स जातीची असू शकते. कर्नल जॉर्ज फॉस्बेरी या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती विकायला काढली. एकाच बंदुकीतून तित्तिरावर छर्रे आणि मोठ्या जनावरावर गोळी, अशी जंगलात हिंडणाऱ्याची सोय. पेटंट संपल्यावर वेस्टली रिचर्ड्ससारख्या इतरांनीही तशा बंदुका केल्या. हिंदुस्थानात त्या बऱ्याच आल्या, त्यामुळे एखाद्या जुन्या वाड्यातली "साधी दुनळी" निघते पॅराडॉक्स. मला ही कल्पना अजूनही फार सुंदर वाटते. सगळी नळी मोकळी ठेवून फक्त दारातून बाहेर पडताना गोळीला पीळ द्यायचा!

तिसरा प्रकार म्हणजे घरापासून तोंडापर्यंत आटे. भाच्याची ती. यात सॅबो स्लग चालवतात. बोअरपेक्षा बारीक गोळी प्लॅस्टिकच्या दोन पाकळ्यांत बसवलेली असते. प्लॅस्टिक आट्यांना पकडतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं. शंभर मीटर आणि पुढेही अचूकता मिळते. या नळीतून छर्रे मारू नका. पीळ मिळाल्याने ते बाहेर फेकले जातात आणि कागदावर मेदूवड्यासारखं चक्र उमटतं, मध्ये रिकामं. आणि उलट, सॅबो साध्या नळीतून मारला तर फिरवणारं काही नसल्याने तो कोलांट्या खातो. महागाचं काडतूस वाया.

पीळ किती आहे ते घरी मोजता येतं. मूठ मोकळी फिरणारा गज घ्या. त्यावर घट्ट बसेल असं कापड गुंडाळून काडतुसाच्या घरातून थोडं आत ढकला. गजावर वरच्या बाजूला पेनने खूण करा आणि नळीच्या मागच्या कडेशी दुसरी. आता सावकाश ढकलत राहा. वरची खूण एक पूर्ण फेरी मारून परत वर येईपर्यंत गज किती आत गेला ते मोजा. बारा बोअरच्या स्लग नळीत हे बहुधा ७०० ते ९०० मिलिमीटरमध्ये येतं. नळी ६०० ची असेल तर अर्धी फेरी मोजून दुप्पट करा. दोन्ही नळ्यांचा पीळ वेगळा आला तर ती बंदूक परत करा.

काडतुसाच्या घराची लांबी मोजायला विसरू नका. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, हल्लीचं काडतूस ७० चं. गोम अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडवून तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे न उडवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं, बंदूक बंदही होते, आणि माणूस फसतो. बार झाल्यावर तोंड उलगडायला जागा नसते आणि आतला दाब वाढतो. नळीवरचे शिक्के वाचा. समजले नाहीत तर ज्याला समजतात अशा परवानाधारक कारागिराला दाखवा, तोवर बार नाही. आमच्या आजोबांची बंदूक काळ्या दारूच्या काळातली असल्यामुळे मी तिच्यातून आजवर एकही काडतूस उडवलेलं नाही.

दोन नळ्या एकत्र आहेत का

नळ्या खालच्या हुकात दोरी अडकवून टांगा आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. कौपिनेश्वराच्या देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, पक्का आहे. भांड्याला तडा गेल्यावर येतो तसा भद्द आवाज आला तर डाग सुटलाय. आट्यांच्या दुनळीत हा दोष छर्र्यांच्या बंदुकीपेक्षा कितीतरी वाईट, कारण पट्टी सुटली की नळ्यांची दिशाच बदलते.

मग पुढचं लाकूड काढून ठेवा, बंदूक बंद करा आणि दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली की बिजागरीची खीळ झिजलीय. चाप दोन असतील तर पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. खोट्या काडतुसांवर दोन्ही ओढून पाहा. मला दोन चापच आवडतात, एक बिघडला तरी दुसरा असतो. बाकी दस्ता खांद्याला बसतोय का हे ज्याचं त्याने बघावं. एवढं लक्षात ठेवा की एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा स्लग खांद्याला चांगलाच धक्का देतो, आणि छर्र्यांच्या बंदुकीसारखी नुसती पुढची माशी (नळीच्या तोंडावरचा नेम धरायचा मणी) नेमाला पुरत नाही. मागेही खाच हवी.

खरा प्रश्न: दोन्ही गोळ्या एका जागी पडतात का

आट्यांच्या दुनळ्या कमी का दिसतात आणि महाग का असतात याचं उत्तर इथे आहे. आटे पाडणं अवघड नाही. दोन नळ्या एका जागी मारतील असं त्यांना जोडणं अवघड.

हातगाडीचा उजवा दांडा एकटाच मागे ओढा. गाडीचं तोंड उजवीकडे वळतं. उजवी नळी बंदुकीच्या मध्यापासून उजवीकडे असते, म्हणून तिच्या धक्क्याने बंदूक वर आणि उजवीकडे वळते. डाव्या नळीने डावीकडे. आणि हे वळणं गोळी नळीत असतानाच सुरू होतं. म्हणून कारागीर दोन नळ्या समांतर जोडत नाही, पुढे किंचित एकमेकींकडे झुकवतो. तोंडाशी पाचर थोडी सरकवायची, बार काढायचे, कागद बघायचा, पुन्हा सरकवायची, मग डाग द्यायचा. आयुष्यभर मशीनवर माप धरलेला माणूस म्हणून सांगतो, या कामापुढे मी हात जोडतो.

याचा अर्थ असा की ती बंदूक एका ठराविक वजनाच्या, ठराविक वेगाच्या गोळीसाठी जुळवलेली असते. काडतूस बदललं की जुळणी बिघडते. ती तपासायची अशी:

परवानगी असलेल्या रेंजवरच जा, डोळ्याला चष्मा आणि कानाला बोळे. आधी २५ मीटरवर, मग ५० वर मोठा कागद लावा. कोपर टेबलावर टेका, पण नळ्या कशावरही टेकवू नका. कठीण वस्तूवर टेकलेली नळी उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. बंदुकीखाली आपला हात असावा. उजवी मारा, लगेच डावी मारा. ही एक जोडी. नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबा. एक नळी तापली की ती दुसरीला ढकलते, म्हणून घाई केलेल्या माणसाचा कागद खोटा बोलतो. अशा चार-पाच जोड्या, सगळी काडतुसं एकाच खोक्यातली. प्रत्येक भोकाशेजारी उजवं की डावं ते लिहा. नंतर उजव्यांचा मध्य काढा, डाव्यांचा मध्य काढा आणि दोन मध्यांतलं अंतर मोजा.

उजव्या नळीच्या गोळ्या डाव्यांच्याही डावीकडे पडल्या, म्हणजे वाटा एकमेकींना छेदून गेल्या, तर काडतूस फार वेगवान आहे. गोळी इतक्या लवकर बाहेर पडली की बंदुकीला वळायला वेळच मिळाला नाही. उजव्या फार उजवीकडे आणि डाव्या फार डावीकडे गेल्या तर काडतूस मंद आहे. दुनळीच्या नळ्या शेजारी नसून एकीवर एक असतील तर हेच डावं-उजवं सोडून वर-खाली वाचा. ५० मीटरवर सगळी भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली तर बंदूक आणि काडतूस एकमेकांचे झाले असं समजा. त्याच जातीची आणखी खोकी घेऊन ठेवा. काही केल्या जुळलं नाही तर नवी बंदूक बघा. पट्ट्या उसवून पुन्हा जुळवणारे हात जगात फार थोडे आहेत.

एक विनंती. माझं काम माहीत असलेल्या एका गृहस्थाने मला विचारलं होतं, "आमच्या साध्या नळीला लेथवर आटे पाडून द्याल का?" मी नाही म्हटलं आणि का ते समजावलं. नळी कापणं, बंदुकीत फेरफार करणं यासाठी शस्त्र कायदा १९५९ खाली वेगळा परवाना लागतो, नाहीतर तो गुन्हा आहे. आणि तो भाग बाजूला ठेवला तरी छर्र्यांच्या नळीची भिंत तोंडाकडे इतकी पातळ असते की आट्यांची खोली काढल्यावर उरेल तो पत्रा. माझ्या आजोबांची नळी नुसती फुगली. ही फाटेल.

ठाण्याच्या हवेत सांभाळणं

खाडी एका बाजूला, चार महिने पाऊस, आणि उन्हाळ्यात घाम. इथे लोखंड दोन दिवसांत तांबडं पडतं. मी जूनच्या आधी, गणपतीच्या आधी आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून तीनदा बंदूक पूर्ण उघडतो, पावसात दर पंधरा दिवसांनी नुसती पुसतो. गज नेहमी मागून, घराच्या बाजूने घालायचा. आट्यांच्या नळीत सॅबोचं प्लॅस्टिक आणि शिसं खोबणीत बसतं, त्याला पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट लागतं. सॉल्व्हंट दहा मिनिटं राहू द्या, मग ब्रश, मग पांढरं कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत. शेवटी पातळ बंदुकीचं तेल, बोट लावल्यावर जेमतेम कळेल इतकंच.

खोबरेल लावू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच लावत होते. थंडीत ते गोठतं, जुनं झालं की चिकट होतं, आणि चाप अडतो.

कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक ठेवून कपाट बंद करणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. म्यान वेगळं, बंदूक वेगळी. तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या महिन्याला तव्यावर गरम करून वाळवा. कपाटाला कुलूप, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली नातवंडांना माहीत नसलेल्या जागी.

कागदपत्रांचं थोडक्यात. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र नियम २०१६ मध्ये अशीही तरतूद आहे की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं जवळ असली तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. ठाणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झालाय आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. परवान्यावरचं वर्णन आणि हातातली वस्तू जुळतात का ते पाहा. साधी दुनळी म्हणून नोंदलेल्या नळीत आटे निघाले तर गप्प बसू नका, लेखी कळवा. निवडणुकीच्या काळात जमा करायला सांगितलं तर पावतीवर नळीवरचा नंबर लिहून घ्या.

भाच्याने बंदूक घेतली. घंटेचा आवाज त्याने फोनवर ऐकवला, तो चांगला होता, खीळही घट्ट. पहिल्या रविवारी त्याने हलक्या, वेगवान सॅबोच्या पाच जोड्या मारल्या आणि कागदाचा फोटो पाठवला. प्रत्येक भोकाशेजारी त्याने मराठीत "उ" आणि "डा" लिहिलं होतं. सगळे "उ" डावीकडे, सगळे "डा" उजवीकडे, मध्ये वीतभर अंतर. मी कळवलं, वेग कमी कर, वजन वाढव. तीन आठवड्यांनी दुसरा फोटो आला, जड आणि मंद स्लगचा. दोन मध्यांत चार बोटं उरली होती आणि "उ" आता उजवीकडे होता.